पोंतार्लियेची थंडी

मुलगी स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलला असते. 2019 च्या सप्टेंबरमध्ये मी तिच्याकडे दोन महिने राहायला गेले, तर तिने माझ्यासाठी ठिकाणांची यादीच करून ठेवलेली. युंगफ्राऊ, लुसर्न, जिनीव्हाचं कारंजं. मी म्हटलं, "हे सगळं बघू गं, पण आधी मला पोंतार्लियेला जायचंय." तिला वाटलं, नाव ऐकण्यात माझी काहीतरी गफलत झालीय. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारून आली. "आई, तिथे काहीच नाही म्हणतात. फ्रान्समध्ये किराणा स्वस्त मिळतो म्हणून इकडचे लोक तिकडे जातात, तेवढंच."

मला तिथे का जायचं होतं ते आधी सांगते. खटाव तालुक्यातल्या एका शाळेत मी 31 वर्षं इतिहास शिकवला. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्याच तालुक्यातलं. त्यामुळे अभ्यासक्रमात असो-नसो, 'गुलामगिरी'बद्दल वर्गात बोलायचंच, असा माझा नेम होता. 1873 सालच्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका मी मुलांना वाचून दाखवायची. अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवलं, त्यांना जोतीरावांनी हे पुस्तक नजर केलं आहे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, पण गुलामांनी स्वतः काहीच केलं नाही का?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्याला मी स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत काढायची आणि नेपोलियनपाशी येऊन धडा संपवायची. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर याच दुसऱ्या धड्यात दडलं होतं आणि त्याचं नाव तूसाँ लूव्हेर्त्यूर, हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा सेनापती, हे मला निवृत्तीनंतर वाचनात समजलं. त्याचा शेवट पोंतार्लियेजवळच्या किल्ल्यात झाला. मुलीचं घर तिथून रेल्वेने तासाभरावर होतं. मग न जाऊन कसं चालेल?

तयारी फारशी लागली नाही. स्विस व्हिसावर फ्रान्सला जाता येईल का, ही पहिली शंका. व्हिसा शेंगेनचा होता, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स दोन्ही त्यात येतात, त्यामुळे वेगळं काही काढावं लागलं नाही. पासपोर्टची मूळ प्रत मात्र जवळ हवी, झेरॉक्स चालत नाही. पैशांचं आधी लक्षात आलं नव्हतं. माझ्याकडे सगळे फ्रँक होते, युरो एकही नाही. जावयांनी आदल्या रात्री शंभर युरो आणून हातावर ठेवले. गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ कागदावर लिहून पर्समध्ये ठेवली. मुलीला रजा नव्हती. ती स्टेशनवर तीनदा म्हणाली, "फोन चालू ठेव."

गाडी न्यूशातेलच्या तळ्याकाठून निघते आणि लगेच चढाला लागते. आर्यूझ नदीच्या घळीतून, बोगद्यांतून वर आलं की व्हाल-द-त्राव्हेर नावाचं लांबट खोरं उघडतं. हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी, दोन्ही अंगाला काळपट सूचिपर्णी झाडं. शेवटचं स्विस स्टेशन ले व्हेरिएर, नऊशे मीटरच्या वर. इथे काही पाटी, कमान, पहारा दिसेल असं वाटलं होतं. काहीच नव्हतं. पण 1871 च्या फेब्रुवारीत, प्रशियाशी चाललेल्या युद्धात हरलेली फ्रेंच फौज बर्फातून चालत इथून आणि आसपासच्या वाटांनी स्वित्झर्लंडमध्ये शिरली, सुमारे 87,000 माणसं. हत्यारं खाली ठेवून त्यांनी आसरा घेतला आणि या खेड्यांनी त्यांना खाऊपिऊ घातलं. खिडकीतून ते रिकामं फलाट बघताना मी तो आकडा दोन-तीनदा मनात घोळवला.

आणि मग डोंगर एकदम जवळ येतात. दोन कड्यांच्या मधून रस्ता, नदी आणि रूळ एकमेकांना खेटून जातात आणि डावीकडच्या सुळक्यावर किल्ला उभा असतो. त्याला तिथे शातो द जू म्हणतात. खालच्या खेड्याचं नाव ला क्लूझ-ए-मिजू. क्लूझ म्हणजे खिंड. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. घाट राखायचा तर घाटाच्या नरडीवर किल्ला हवा. फ्रान्समधून स्वित्झर्लंड-इटलीकडे जाणारी ही जुनी व्यापारी वाट, आणि तिच्यावर हजारेक वर्षं बसलेला हा पहारेकरी.

पोंतार्लिये गाव समुद्रसपाटीपासून सव्वाआठशे मीटरच्या वर आहे. स्टेशनबाहेर आले तर सप्टेंबर असूनही अंगावर काटा आला. शाल होती, तरी नाकाचा शेंडा गार पडला. गावातून जाणारी नदी दू, संथ आणि स्वच्छ. मुख्य रस्त्याच्या टोकाला 1771 ची सेंट पीटरची वेस आहे, वर घड्याळ लावलेली, आणि तिच्याखालून अजून वाहनं जातात. वेस पाडून रस्ता रुंद करायची बुद्धी कुणाला झाली नाही, हे बघून बरं वाटलं.

टॅक्सी दुपारची ठरली होती, म्हणून दोन तास गावात हिंडले. चीजच्या दुकानात एका बाईंनी कोंते चीजची पातळ काप चाखायला दिली. दोन वर्षं मुरलेलं. दाताखाली बारीक खडीसारखं काहीतरी लागतं आणि मग खरपूस, भाजलेल्या शेंगदाण्याजवळ जाणारी चव. या चीजच्या चाकाएवढ्या एका गोल वडीला चारशे लिटर दूध लागतं आणि वडी भरते चाळीसेक किलो. चारशे लिटर म्हणजे आमच्या वाडीच्या डेअरीचं सकाळचं सगळं संकलन. बाईंनी आग्रहाने लाकडी डबीतलं मों दोर घ्यायला लावलं. सूचिपर्णी झाडाच्या सालीचा पट्टा बांधलेलं हे मऊ चीज दर वर्षी 10 सप्टेंबरला विक्रीला येतं आणि 10 मेला बंद होतं. मी गेले तेव्हा मोसम नुकताच सुरू झाला होता.

गावाचं नाव मात्र चीजपेक्षा अ‍ॅबसिंथ या दारूमुळे जगात गेलं. 1805 मध्ये पेर्नो यांनी इथे भट्टी टाकली. गावाच्या संग्रहालयात तिची नक्षीदार चमचे, पेले, जाहिराती अशी सगळी सामग्री मांडली आहे. काचेच्या बरणीत त्या वनस्पतीची वाळलेली पानं होती. ओळखीची वाटली म्हणून नाव वाचलं तर आर्टेमिसिया. आपण जोतिबाला दवणा वाहतो, त्याच कुळातली. 1915 मध्ये फ्रान्सने या दारूवर बंदी घातली, ती पुढे बऱ्याच वर्षांनी उठली. पण मला आवडली ती 1901 ची गोष्ट. ऑगस्टमध्ये पेर्नोच्या कारखान्यावर वीज पडून आग लागली. स्फोट होऊ नये म्हणून पिंपंच्या पिंपं दारू दू नदीत सोडून दिली. दोनेक दिवसांनी डोंगरापलीकडे, कित्येक किलोमीटर लांब, लू नदीच्या उगमाशी त्याच दारूचा वास यायला लागला. लू ही वेगळी नदी नाही, दूचंच पाणी चुनखडीच्या पोटातून तिकडे निघतं, हे त्यावरून कळलं. पुढे पाण्यात रंग सोडून ते पक्कं केलं गेलं. भूगोलाच्या सरांना सांगण्यासारखी गोष्ट, म्हणून मी ती लगेच वहीत उतरवली.

किल्ल्यावर टॅक्सीने पंधरा मिनिटांत पोचले. आत मार्गदर्शकाबरोबरच जावं लागत होतं आणि तो फ्रेंचमध्ये बोलणार होता. हातात इंग्रजी पत्रक होतं. आम्ही चौदा-पंधरा जण असू. त्यात एक काळ्या वर्णाच्या आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, डोक्याला रंगीत रुमाल बांधलेल्या. बरोबर त्यांची कॉलेजात शिकणारी नात. नातीला इंग्रजी येत होतं. मी एकटीच आहे हे पाहून ती आपणहून माझ्याशेजारी आली आणि पूर्ण वेळ मला हळू आवाजात सांगत राहिली.

एकात एक पाच तटबंद्या आहेत. तीन खंदक, तीन उचलपूल. सर्वांत आतला भाग जुना आणि बाहेर येऊ तसा किल्ला नवा होत जातो. चौदाव्या लुईने 1678 मध्ये हा प्रांत घेतला, तेव्हा त्याचा इंजिनिअर व्होबाँने तो मजबूत केला. पहिल्या महायुद्धात सरसेनापती झालेला जोफ्र तरुणपणी इथे बांधकामावर होता. विहीर शंभर मीटरहून खोल आहे. मार्गदर्शकाने तिच्यात पाणी ओतलं आणि सगळे गप्प राहिले. मी मनात मोजत पाचाच्या पुढे गेले, तेव्हा कुठे खालून आवाज आला. राजगड-रायगडावर टाक्यांत पावसाचं पाणी साठवलेलं आपण बघतो. इथे पाण्यासाठी अख्खा डोंगर पोखरला होता.

नवऱ्याने कोंडून ठेवलेल्या बेर्त नावाच्या सरदारणीची दंतकथाही सांगून झाली. सगळे त्यात रंगले. माझं लक्ष आजींकडे होतं. त्या काही ऐकत नव्हत्या. पुढच्या दाराकडे बघत होत्या.

तूसाँची कोठडी वरच्या भागात आहे. दगडी कमानीचं छत, एका बाजूला शेकोटी, दुसऱ्या बाजूला खिडकी. खिडकी बहुतेक बुजवलेली, वर थोडीशी फट उजेडासाठी ठेवलेली. आत पाऊल टाकलं आणि बाहेरच्यापेक्षा थंडी निराळी लागली. बाहेरची वाऱ्याची होती, ही दगडाची. भिंतीला बोट लावलं, तर ओलं झालं. सप्टेंबरच्या दुपारी ही गत. इथून जवळच मूत नावाचं गाव आहे, तिथे 1968 च्या जानेवारीत उणे 36.7 अंश तापमान नोंदलं गेलं. आणि हा माणूस कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर, उसाच्या मळ्यांच्या उष्ण हवेत साठ वर्षं काढून इथे आला होता.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. सँ-दोमँग, म्हणजे आजचं हैती, ही फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत. साखर आणि कॉफी, आणि ती पिकवायला आफ्रिकेतून आणलेले लाखो गुलाम. तूसाँ तिथेच ब्रेदा नावाच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मला. तो जनावरांची देखभाल करायचा, गाडी हाकायचा, लिहा-वाचायला शिकला होता. 1791 च्या ऑगस्टमध्ये गुलामांनी उठाव केला. तूसाँ त्यात शिरला आणि काही वर्षांत सेनापती झाला. या उठावामुळेच 1793 मध्ये बेटावर आणि 1794 मध्ये पॅरिसच्या कायद्याने सगळ्या वसाहतींत गुलामी रद्द झाली. त्याने स्पॅनिश आणि इंग्रज फौजांना मागे रेटलं. 1801 मध्ये बेटाची घटना जाहीर केली, तिच्यात गुलामी कायमची रद्द असं लिहिलं. नेपोलियनला हे खपलं नाही. त्याने मेहुण्याबरोबर आरमार पाठवलं. 1802 च्या मे महिन्यात फ्रान्सने गुलामीचा कायदा पुन्हा आणला. जूनमध्ये बोलणी करायला बोलावून तूसाँला पकडलं आणि बायकामुलांसकट जहाजावर चढवलं. तेव्हा तो म्हणाला असं सांगतात की, तुम्ही फक्त झाडाचा बुंधा तोडला आहे, ते मुळांपासून पुन्हा फुटेल, कारण मुळं पुष्कळ आहेत आणि खोल गेली आहेत.

ऑगस्टच्या अखेरीस त्याला या कोठडीत आणलं. बायको-मुलांना दुसरीकडे पाठवलं, ती कुठे आहेत तेही त्याला कळू दिलं नाही. सोबतचा नोकर काढून घेतला. सेनापतीचा पोशाख काढून घेतला. त्याने नेपोलियनला उद्देशून आपली कैफियत लिहिली. माझ्या रंगामुळेच मला ही वागणूक मिळते आहे, पण माझ्या रंगाने मला देशाची सेवा करताना कधी अडवलं का, असा त्यात प्रश्न आहे. उत्तर आलं नाही. मग कागद-शाईही काढून घेतली. जळणाचं लाकूड मोजून द्यायला लागले. 1803 च्या 7 एप्रिलला किल्लेदार सकाळी आत आला, तेव्हा तूसाँ शेकोटीजवळच्या खुर्चीत मरून पडला होता. खटला नाही, शिक्षा नाही, फाशी नाही. नुसतं थंडीत ठेवलं. माझ्या मते तो खूनच होता, आणि खुनाचं हत्यार शोधायला लांब जावं लागत नाही, त्या भिंतीला बोट लावलं की पुरे.

त्याला किल्ल्यातल्या प्रार्थनामंदिरात पुरलं होतं. पुढे बांधकामात ती जागा उखडली गेली आणि अस्थी नाहीशा झाल्या. त्याच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांनी, 1 जानेवारी 1804 ला, हैती स्वतंत्र झाला. अमेरिकेने घटनेत दुरुस्ती करून गुलामी बंद केली ती 1865 मध्ये. म्हणजे साठ वर्षं आधी गुलामांनी स्वतः लढून देश मिळवला होता. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी हे सांगायला हवं होतं. ती आता चाळिशीची असेल.

मार्गदर्शक बोलायचा थांबला. आजी पुढे झाल्या. त्यांनी हातमोजा काढला आणि उघडा तळवा शेकोटीच्या दगडावर ठेवला. बराच वेळ ठेवला. ओठ हलत होते. नात त्यांच्या मागे उभी राहिली, पण हात लावला नाही, बोललीही नाही. मग आजींनी पिशवीतून एक छोटी पुडी काढली, तिच्यातलं चिमूटभर काहीतरी शेकोटीच्या कोपऱ्यात टाकलं आणि मोजा पुन्हा हातात घातला. मी नंतर नातीला विचारलं. घराच्या परड्यातली माती होती. ग्वादलूपची.

ग्वादलूपही फ्रेंचांचंच बेट. तिथे 1794 ला मिळालेली मुक्ती 1802 मध्ये हिसकावून घेतली गेली, ती थेट 1848 पर्यंत. मी कुठून आले असं आजींनी विचारलं. नातीने "इंडिया" म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या गावात कितीतरी घरं मूळची आपल्याकडची, देवीची देवळं आहेत, आणि सणाला कोलोंबो रांधतात. कोलोंबो म्हणजे धणे-जिरे-हळद घातलेला रस्सा. 1848 नंतर मळ्यांना माणसं हवीच होती, म्हणून 1854 पासून पाँडिचेरी, कारैकलहून करारावर मजूर नेले. हे मी वाचलं होतं. पण ते मला एका ग्वादलूपच्या बाईंनी, जूच्या किल्ल्यात, मसाल्याची नावं बोटांवर मोजत सांगावं, हे निराळं होतं. मी त्यांना फुल्यांबद्दल सांगायचा प्रयत्न केला. माझ्या इंग्रजीतून नातीच्या फ्रेंचमध्ये किती पोचलं कोण जाणे. आजींनी विचारलं, "त्यालाही तुरुंगात टाकलं का?" मी म्हटलं, तुरुंगात नाही, पण बापाने घराबाहेर काढलं होतं, बायकोसकट, शाळा काढली म्हणून. त्यांनी मान हलवली.

बाहेर पडताना मार्गदर्शकाने आणखी एक गोष्ट सांगितली. याच प्रांतात शांपान्ये नावाचं खेडं आहे. 1789 च्या मार्चमध्ये राजाकडे पाठवायच्या गाऱ्हाण्यांच्या यादीत तिथल्या शेतकऱ्यांनी काळ्या लोकांची गुलामी बंद करा असं लिहिलं. काळा माणूस त्यांनी फक्त चर्चमधल्या एका चित्रात पाहिला होता. कर, वेठ, जंगलाचे हक्क या आपल्या स्वतःच्या तक्रारींबरोबर त्यांनी हे कलम घातलं. आपल्या दुःखाच्या कागदावर दुसऱ्याच्या दुःखाला ओळ देणारी ही माणसं मला जोतीरावांच्या जवळची वाटली. पुढच्या खेपेला तिथे जायचं ठरवून टाकलं.

परतीला सांगितलेली टॅक्सी आलीच नाही. दोनदा फोन केला, उचलला नाही. गाडीला पाऊण तास उरला होता आणि वारा वाढला होता. आजींनीच नातीकरवी मला त्यांच्या गाडीत बसवलं. मागच्या सीटवर आम्ही दोघी. गाडीतला हीटर लागेपर्यंत त्यांनी आपल्या शालीचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं. स्टेशनवर उतरताना मी चीजची डबी त्यांना देऊ केली. त्या हसून नको म्हणाल्या, आणि पिशवीतली ती रिकामी पुडी, कागदाची, चार घड्यांची, माझ्या हातात ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळची गाडी तुडुंब होती, पॅरिसहून येणाऱ्या गाडीचे प्रवासी तिच्यात होते. ले व्हेरिएरच्या अलीकडे किल्ला पुन्हा दिसला, आता उजव्या हाताला. मी काचेला कपाळ टेकून बघत होते. वर दोन-तीन दिवे लागले होते. कोठडी कुठल्या बाजूला होती ते मला खालून ओळखता येईना. मुलीचा फोन आला, "आई, बसलीस का गाडीत? थंडी वाजतेय का?" मी म्हटलं, "वाजतेय. आल्यावर सांगते."